नातं शोधताना या चुका टाळा

डॉल्फिन आणि शार्क यांची चित्रं शेजारी ठेवून पाहा. तोच निमुळता देह, पाठीवर तोच त्रिकोणी पर. पण शार्क मासा, डॉल्फिन सस्तन. पाणी वेगानं कापायचं तर हाच घाट सोयीचा, म्हणून दोघांनी तो आपापल्या वाटेनं मिळवला. रूपावरून गोत ठरवणं ही सर्वांत जुनी चूक.

देवमासे आणि डॉल्फिन यांचं खरं नातं पाणघोड्याशी. जनुकांवरून तसं दिसत होतं, पण जीवाश्म अभ्यासणाऱ्या अनेकांना ते पटेना. मग २००१ मध्ये, पाकिस्तानात मिळालेल्या पायवाल्या आद्य देवमाशांच्या घोट्याचं हाड प्रसिद्ध झालं. त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती. गाय, हरीण, पाणघोडा या समखुरी प्राण्यांची ही खास खूण. मूठभर हाडानं पारडं फिरवलं.

सारखं दिसेल ते सगळं मोजणं ही दुसरी चूक. सरड्याला खवले, मगरीलाही खवले. तरी मगर सरड्यापेक्षा पक्ष्यांना जवळची. खवले हा फार जुना वारसा, त्यावरून कोण कोणाच्या जवळचं हे कळत नाही. वंशवृक्षाच्या त्या-त्या शाखेत नव्यानं आलेली खूणच धरा, हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ व्हिली हेनिग यांचा १९५० सालचा आग्रह.

आणि बिघाड तर फारच बोलका. क जीवनसत्त्व बनवणारं जनुक माणसात आणि चिंपांझीत निकामी आहे, मोडतोडही बरीचशी सारखी. गिनीपिगमध्येही ते बंद आहे, पण मोडलंय वेगळ्या तऱ्हेनं. म्हणजे तो अपघात स्वतंत्र. (नावात पिग असला तरी डुकराशी त्याचं काही नातं नाही, तो उंदराच्या गणातला!)

नमुना हाताळणाऱ्याचा डीएनए मिसळला तर सगळंच मुसळ केरात. १९९४ मध्ये डायनासोरचा म्हणून जाहीर झालेला डीएनए पुढे माणसाचाच निघाला.

दगडांचंही तसंच. मंगळाचा दगड रंगावरून ओळखू जाल तर फसाल. मंगळ तांबडा, पण तिथूनच येऊन बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेली अशनी, म्हणजे आकाशातून आलेला दगड, करड्या रंगाची आहे. त्याच जातीचा एक दगड अंटार्क्टिकात मिळाला. त्याच्या काचेत अडकलेला वायू, व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला, तेव्हा कुठे खात्री पटली.

अशनींची कुळं लावताना ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या अणूंचं, प्रमाण पाहतात. कसोटी भरवशाची, पण एकटीवर विसंबू नका. पृथ्वी आणि चंद्र यांचं हे प्रमाण जवळपास एकच आहे, त्यामुळे चांद्र अशनी ओळखायला खनिजांतलं लोह आणि मँगनीज यांचं गुणोत्तरही तपासावं लागतं.