गुडघे मोकळे ठेवा : रत्नागिरीतल्या बेली डान्स वर्गाचे पहिले वर्ष

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, हापूसच्या अखेरच्या पेट्या मुंबईला रवाना झाल्यावर आणि पावसाला तोंड फुटण्याआधी, आमच्या वर्गातल्या अकराजणी सरावाच्या खोलीत लादीवर गोल करून बसल्या. त्या दिवशी सराव नव्हता. वर्षापूर्वी पहिल्यांदा या दारातून आत येताना जे कोणीतरी सांगायला हवे होते आणि कोणी सांगितले नाही, ते प्रत्येकीने आता सांगावे, एवढेच ताईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, सुचवले होते. जूनमध्ये नवी तुकडी सुरू होईल. तिच्यासाठी हे सारे उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे आले, कारण कचेरीत दिवसभर मी इतरांची बोलणी टिपून घेण्याचेच काम करते. त्यामुळे पुढचे लेखन माझ्या एकटीचे नाही. जिथे मत जरा तिखट वाटेल, तिथे मात्र ते माझे समजावे.

सर्वांत आधी बाई बोलल्या. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, वर्गातल्या निम्म्या जणींना त्यांनी शाळेत शिकवले आहे आणि ताईही त्यांच्याच विद्यार्थिनी. "मला वाटलं होतं, पोट हलवायला शिकवशील. तू तर चार आठवडे नुसतं उभं राहायला शिकवलंस गं," असे त्या म्हणाल्या आणि आम्ही सगळ्या हसलो. पण नव्याने येणाऱ्या मुलीला मला एकच गोष्ट सांगायची असती, तर मी हीच सांगितली असती.

उभे राहणे म्हणजे काय, ते लिहून दाखवणे सोपे आहे. पावले एकमेकांना समांतर आणि फार फाकलेली नाहीत. गुडघे ताठही नाहीत आणि वाकलेलेही नाहीत, तर मोकळे. माकडहाडाचा रोख जमिनीकडे, म्हणजे पाठीला कमरेपाशी बाक पडत नाही. छातीचा पिंजरा किंचित उचललेला आणि खांदे कानांपासून दूर. आरशासमोर पाच मिनिटे असे उभे राहून पाहिले की लक्षात येते, की यांतली एक गोष्ट सांभाळताना दुसरी निसटतेच. आमच्यापैकी बहुतेकींना वर्षानुवर्षे ओट्यापाशी उभे राहताना गुडघे मागे ताणून त्यांवर सगळा भार सोडून देण्याची सवय लागली होती. या नृत्यात कंबर हलते ती मुख्यतः गुडघ्यांमुळे. एक गुडघा सरळ केला की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि तो सैल सोडला की ती खाली येते. दोन्ही गुडघे आळीपाळीने वेगात सरळ आणि सैल करत राहिले की जी थरथर दिसते, तिला शिमी म्हणतात. ज्यांचे गुडघे आधीच ताठ, त्या ही थरथर पाठीच्या खालच्या भागातून ओढून काढू पाहतात आणि मग घरी जाऊन पाठीला मलम चोळत बसतात. पहिल्या जुलैत आमच्यातल्या तिघींची पाठ धरली, ती याच कारणाने. पोटऱ्या आणि मांड्या दुखणे अपेक्षित आहे. पाठ किंवा गुडघ्याचा सांधा दुखू लागला तर थांबावे आणि ताईंना सांगावे. ज्यांना मणक्याचा जुना त्रास आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

उभे राहणे जमले की आयसोलेशन येते, म्हणजे शरीराचा एकच भाग हलवायचा आणि बाकीचे सारे निवांत ठेवायचे. हे मला तीन महिने कळत नव्हते. कळले ते मिऱ्याकडच्या आमच्या एका मैत्रिणीमुळे. ती मासे विकते. डोक्यावर पाटी घेऊन चालण्यात तिची वीस वर्षे गेली आहेत. पहिल्याच आठवड्यात तिची कंबर गोल फिरत होती आणि मान, खांदे, छाती जागच्या जागी होती. ताईंनी तिला मध्ये उभे करून आम्हाला बघायला लावले. डोक्यावर कळशी घेऊन पाखाडी चढणारी बाई आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो; तिच्या कमरेखाली सगळी हालचाल असते आणि कळशीतले पाणी हलत नाही. तेव्हापासून ताई "पाटी सांभाळा" एवढेच म्हणतात आणि अकरा माना सरळ होतात. जून-जुलैत मासेमारी बंद असल्यामुळे ती मैत्रीण एकही वर्ग चुकवत नसे. ऑगस्टपासून होड्या समुद्रात गेल्या आणि ती आठवड्याआड येऊ लागली. तरीही ती मागे पडली नाही, याचा थोडा हेवा मला वाटतो.

एक गमतीची अडचण नोंदवून ठेवते. कंबरेने आठाचा आकडा काढा, असे सांगितले की आपल्या डोळ्यांसमोर देवनागरी आठ येतो आणि तो एका बाजूने उघडा असतो. बाईंनी पहिल्या दिवशी अगदी इमानदारीने तेवढाच अर्धा आठ काढला आणि मग पुढे काय, म्हणून थांबल्या. इथे इंग्रजी आठ अपेक्षित आहे, तोही आडवा पाडलेला, ज्यात रेघ कुठेही तुटत नाही.

शिमी एक अख्खे गाणे टिकवायला मला नोव्हेंबर उजाडला. वर्गात आठवड्यातून दोनदा केलेल्या सरावाने ती आली नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी रोज उभी राहिले, तेव्हा आली. सुरुवातीला अतिशय संथपणे, गुडघे मोजत करावी. वेग मागाहून आपोआप येतो. आधी वेग पकडणाऱ्या मैत्रिणींची शिमी अजूनही अंगभर पसरते, दंडांपासून गालांपर्यंत सगळे थरथरते.

आता नावाविषयी, कारण घरी पहिला प्रश्न त्यावरूनच येतो. अरबीत या नृत्याला रक्स शर्की, म्हणजे पूर्वेकडचे नृत्य, असे म्हणतात; रक्स हा शब्द उर्दू गझल ऐकणाऱ्यांना परका नाही. इजिप्तमध्ये घराघरांत, लग्नकार्यांत बायका आपापसांत जे नाचतात ते बलदी, म्हणजे आपल्या गावाकडचे. पोटाचे नृत्य हे नाव त्याला फ्रेंचांनी दिले आणि शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनानंतर त्याचे इंग्रजी रूप जगभर गाजले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले होते, ही माहिती मी माझ्या सासऱ्यांना मुद्दाम पुरवली. तिचा नृत्याशी काही संबंध नाही, पण घरातले वातावरण निवळायला उपयोग झाला. आज रंगमंचावर जे रूप दिसते ते बऱ्याच अंशी कैरोत घडले. नर्तकी बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये तिथे स्वतःचे सभागृह काढले आणि त्यांच्याकडे तयार झालेल्या ताहिया कॅरिओका आणि सामिया गमाल पुढे इजिप्तच्या चित्रपटांतून घरोघरी पोहोचल्या. नृत्यदिग्दर्शक महमूद रेदा यांनी १९५९ मध्ये पथक स्थापन करून इजिप्तच्या निरनिराळ्या प्रांतांतले लोकनृत्यांचे ढंग रंगमंचावर आणले. दक्षिण इजिप्तमधला पुरुषांचा काठीचा खेळ, तहतीब, २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. बायका काठी घेऊन जो सईदी नाच करतात, त्याचे मूळ त्या खेळात आहे.

हा इतिहास पाठ करण्याची गरज नाही. परंतु हिंदी चित्रपटातल्या खलनायकाच्या अड्ड्यावर जे दिसते तेवढ्यावरून आपण हे नृत्य ओळखत असलो, तर पहिल्याच टोमण्याला आपल्याकडे उत्तर नसते. लावणी करणाऱ्या बायकांनी कला आणि बदनामी एकाच खांद्यावर किती काळ वाहिली, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. कैरोतल्या नर्तकींचीही अवस्था फारशी निराळी नव्हती, त्यांच्यावर लोक जीव टाकत आणि लग्नाची सोयरीक मात्र टाळत. सुरुवातीला आम्ही सोळाजणी होतो. गळालेल्या पाचजणींपैकी तिघींच्या बदल्या झाल्या किंवा कामाच्या वेळा बदलल्या, एकीला रस वाटला नाही आणि एकीला घरून मनाई झाली. ती अजून बाजारात भेटते, पिशवी हातात धरून उभ्या उभ्या कमरेने एक झटका देऊन दाखवते आणि निघून जाते.

तालाच्या बाबतीत कोकणातल्या बायकांना एक आयते भांडवल मिळालेले असते आणि तेच कधी आड येते. इजिप्तमध्ये ज्याला तबला म्हणतात तो आपला तबला नव्हे. ते सुरईच्या आकाराचे एकच वाद्य असते, त्यालाच दरबुका असेही म्हणतात. त्याचा मध्यावरचा घुमणारा बोल दुम आणि कडेचा टणत्कार तेक. सर्वांत आधी शिकायचा ताल मक्सूम: दुम तेक, एक मात्रा रिकामी, तेक दुम, पुन्हा रिकामी, तेक, आणि शेवटची रिकामी. आठ मात्रा झाल्या, म्हणून भजनी मंडळातल्या आमच्या दोघी लगेच केरव्यात शिरल्या आणि रिकाम्या मात्रा टाळ्यांनी भरून टाकू लागल्या. त्या रिकाम्या जागांतच नाचणारीला श्वास मिळतो, हे त्यांना पटायला वेळ लागला. सईदी नाचाच्या तालात मधले दोन दुम पाठोपाठ येतात (दुम तेक, रिकामी, दुम दुम, रिकामी, तेक, रिकामी) आणि त्यावर पाऊल जमिनीत रुतल्यासारखे पडते. ज्यांनी गणपतीत जाखडीचा नाच पाहिला आहे, त्यांना ते जडपण ओळखीचे वाटेल. माझा सल्ला असा, की पहिले दोन महिने ताल नाचू नये, नुसता तोंडाने म्हणावा. एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हटला तर कोणी विचारत नाही.

सागात, म्हणजे बोटांत अडकवायच्या पितळी झांजा, वर्षाच्या उत्तरार्धात आल्या. प्रत्येक हातात दोन, अंगठ्याला एक आणि मधल्या बोटाला एक. टाळ वाजवणाऱ्या हातांना त्या चटकन जमतात, पण पाय, कंबर आणि बोटे तिन्ही वेगळ्या कामाला लागल्यावर भल्याभल्यांची तारांबळ उडते. आपल्या खाऱ्या दमट हवेत पितळ आठ दिवसांत हिरवे पडते. आमटीतून काढलेले आमसूल फेकू नये, त्याने घासून, धुऊन, कोरडे पुसून ठेवावे. नाण्यांचे झुळझुळीत कमरपट्टे मात्र स्वस्त पत्र्याचे असतात. ते पहिल्याच पावसाळ्यात गंजले आणि त्यांचे डाग माझ्या दोन कुर्त्यांवर कायमचे राहिले. म्हणून पहिले तीन महिने काही विकत घेऊ नये. अंगासरशी बसणारा कुर्ता, लेगिंग्ज आणि कमरेला घट्ट बांधलेली सुती ओढणी पुरते. ओढणीची गाठ एका बाजूला घ्यावी, म्हणजे कंबर हलली की नाही ते आरशात दिसते. पोट उघडे ठेवण्याची सक्ती वर्गात कधीच नव्हती.

पावसाळ्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जुलैत आमची लादी घामेजते. अनवाणी पायाने गिरकी घेताना पाऊल कधी चिकटते, कधी सटकते. एकीचा घोटा त्यात मुरगळला. तेव्हापासून प्रत्येकीने जुना पंचा आणावा आणि वर्गाआधी आपापली जागा पुसून घ्यावी, असा नियम झाला. वीज जाते, ती कधी येईल याचा भरवसा नसतो. स्पीकर बंद पडला की ताई दरबुका घेऊन बसतात आणि आम्ही मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवरच्या सावल्या पाहून सराव करतो. आरशापेक्षा सावलीत कमरेची रेघ अधिक स्वच्छ दिसते, असे माझे मत बनले आहे. गौरी-गणपतीला घरोघर चाकरमानी येतात आणि पंधरा दिवस वर्ग ओस पडतो. परत आल्यावर आपण सगळे विसरलो, असे प्रत्येकीला वाटते. ते खरे नसते. दोन वर्गांत अंगाला आठवते. ज्यांना ते माहीत नव्हते, त्या दोघीजणी शरमेने आणखी महिनाभर आल्याच नाहीत आणि त्यांचे नुकसान त्या महिन्यात झाले.

शिमग्यानंतर घरच्यांसाठी एक छोटा कार्यक्रम करायचे ठरले. एका सभागृहाने तारीख दिली आणि पोस्टरवरचे नाव वाचून ती परत घेतली. आमच्याकडे असले कार्यक्रम होत नाहीत, एवढेच कळवले. राग आला, तो अजून गेलेला नाही. शेवटी भाट्याच्या बाजूला राहणाऱ्या मैत्रिणीच्या खळ्यात मांडव घालून नाचलो. सारवलेल्या जमिनीवर पाऊल जसे फिरते तसे लादीवर कधी फिरले नव्हते. मी दोन ठिकाणी क्रम विसरले, एकीची सागात उडून प्रेक्षकांत गेली आणि एका चिमुरड्याने ती परत द्यायला साफ नकार दिला. कार्यक्रमानंतर त्या मैत्रिणीच्या सासूबाई कोकम सरबताचे पेले देत फिरत होत्या. माझ्या ओल्याचिंब कुर्त्याकडे पाहून म्हणाल्या, "हे तर कष्टाचं काम आहे गो."

नव्या तुकडीसाठी वेळ तीच आहे, मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी साडेसहा. शेवटच्या एसटीने जाणाऱ्यांना ताई दहा मिनिटे आधी सोडतात. पंचा, ओढणी आणि पाण्याची बाटली आणावी. पहिल्या चार आठवड्यांत कंटाळा आला तर बाईंच्या शेजारी उभे राहावे. त्या दुसऱ्या वर्षीही नव्या तुकडीबरोबर पुन्हा उभे राहायला शिकणार आहेत.