सिट्जेसच्या महोत्सवात भयपट पाहायचे तर: दिवसाला किती आणि कुठल्या क्रमाने

बार्सिलोनाच्या नैर्ऋत्येला, समुद्रकाठच्या सिट्जेस गावात १९६८पासून भयपट, विज्ञानपट आणि अद्भुतपटांचा महोत्सव भरतो. ऑक्टोबरातल्या त्या दिवसांत खेळ सकाळी लवकर सुरू होतात ते मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. दिवसाला सहा सिनेमे कागदावर सहज बसतात, डोक्यात बसत नाहीत. तीन ठेवा. चौथा मध्यरात्रीचा घ्यायचा असेल, तर एक दिवसाआड.

वेळापत्रक हाती आलं की सिनेमा निवडण्याआधी सभागृह बघा. सगळ्यात मोठं ऑडिटोरी हे मेलिया हॉटेलात, आयग्वादोल्स बंदराच्या बाजूला आहे. रेतिरो आणि प्रादो ही जुनी थिएटरं गावात. ऑडिटोरीतून तिकडे चालत जायला १५ ते २० मिनिटं धरा. शंभर मिनिटांच्या सिनेमाला आधी दिग्दर्शकाची ओळख, कधी नंतर प्रश्नोत्तरं, शिवाय दारावरची रांग. त्यामुळे सभागृह बदलायचं असेल तर छापील लांबी संपल्यावर किमान ४५ मिनिटं मोकळी हवीत, त्याच इमारतीत थांबणार असाल तर ३०. हा हिशेब चुकला की दिवसाचा तिसरा सिनेमा हमखास हुकतो.

तिकीट काढताना दोन गोष्टी नीट वाचा. पहिली, तारीख. रात्री एकचा खेळ 'शुक्रवार रात्र' म्हणून डोक्यात बसतो, पण घड्याळाने तो शनिवार असतो. तिकिटावर कुठला वार धरलाय ते पाहूनच पैसे भरा. दुसरी, सबटायटल्स. कोरियन किंवा जपानी सिनेमाखाली फक्त स्पॅनिश ओळी असू शकतात, आणि स्पॅनिश सिनेमाला इंग्रजी असतीलच असं नाही. इंग्रजी संवादांचे सिनेमे त्या मानाने निर्धोक.

आता क्रम. सावकाश चढत जाणारा, वाचायला लावणारा सिनेमा सकाळी घ्या, कारण दुपारनंतर सबटायटल्सवर डोळे मिटतात आणि दोष सिनेमाला लागतो. भूतखेताचा किंवा दचकवणारा दुपारी. रक्तमांसाचा आणि विनोदी भयपट रात्री, भरल्या सभागृहात. इथले प्रेक्षक एखादा बळी झकास गेला की टाळ्या वाजवतात, आणि ती मजा घरी मिळत नाही. एकाच जातीचे दोन सिनेमे लागोपाठ घेऊ नका. दचकवण्याची युक्ती शांतता आणि अचानक आवाज यांवर चालते. ती लय कानाला एकदा कळली की पुढच्या सिनेमात शरीर आधीच सावध बसतं आणि धक्का वाया जातो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या सिनेमाच्या मध्ये तासभर समुद्रकाठी उजेडात चालून या. विज्ञानपट मध्ये घातला तरी चालतं, पण उजेड जास्त उपयोगी.

जेवणाचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. तिथे दुपारचं जेवण साधारण दीड ते साडेतीन, मग बऱ्याच हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठपर्यंत बंद. नेमके तेव्हाच तुम्ही दोन खेळांच्या मध्ये उपाशी असता. सकाळीच एक बोकादियो, म्हणजे लांब पावातलं सँडविच, पिशवीत टाका. शाकाहारी असाल तर चीजचं मागा. 'भाज्यांचं' म्हणून मागवलेल्यात बऱ्याचदा ट्यूना निघतो. रक्तपटाच्या आधी तळलेलं आणि भरपेट नको. संध्याकाळनंतर कॉफीही आवरा: दचकण्याने छाती धडधडतेच, त्यात कॉफीची भर पडली की मळमळतं आणि झोपही जाते.

पिशवीत पातळ जॅकेट, पाणी आणि फोमचे इअरप्लग असू द्या. आवाज फार वाटला तर इअरप्लग अर्धेच घाला, संवाद ऐकू येतात. लखलखत्या दिव्यांनी झटका येण्याचा त्रास कोणाला असेल, तर दारावरच्या सूचनेवर विसंबू नका. आधीच सिनेमाची माहिती काढा.

मुक्काम बार्सिलोनात असेल तर आर-२ सूद लोकल सांट्स स्थानकावरून ३५-४० मिनिटांत पोचवते, पण ती रात्रभर चालत नाही. रात्री उशिराचा एकच सिनेमा पाहून बाहेर पडलात तर रात्रीची बस किंवा महागडी टॅक्सी एवढंच उरतं. त्यापेक्षा त्या दिवशी रात्रभराची मॅरेथॉन, म्हणजे लागोपाठ अनेक सिनेमांचा एकच खेळ, घ्या: ती पहाटेकडे सुटते आणि लोकल सुरू व्हायची वेळ जवळ आलेली असते. दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र कोरी ठेवा, तिकीट काढलं असलं तरी ते वाया जाणारच.