रुळांवर कामाला उतरण्याआधी: यंत्र चालू ठेवून शिट्टी ऐकून बघा

मागच्या वेळी स्लीपरखालची खडी दाबायला गँग घेऊन गेलो तेव्हा कागद, झेंड्या, माणसं सगळं जागेवर होतं. लुकआउट मॅन, म्हणजे गाडी येताना बघून इशारा देणारा माणूस, उभा केला होता आणि त्याने वेळेवर शिट्टीही मारली. ती आमच्यापैकी एकालाही ऐकू आली नाही, कारण यंत्रं सुरू होती. कडेच्या माणसाने कंबर सरळ करायला मान वर केली, त्याला गाडी दिसली, त्याने शेजारच्याचं जॅकेट धरून ओढलं. सगळे बाहेर पडले. यंत्राची केबल मात्र रुळावरच राहिली होती. गाडी गेल्यावर तिचे दोन तुकडे उचलले. तयारी माझी होती, म्हणून ही यादी लिहितोय.

आदल्या दिवशी पहिला प्रश्न हा: गाड्या बंद ठेवून, म्हणजे ब्लॉक घेऊन, हे काम होईल का? होत असेल तर तसंच करा, 'पाच मिनिटांचं तर काम आहे' म्हणून चालू लाइनवर उतरू नका. ब्लॉक लेखी हातात येईपर्यंत रुळात पाय नाही. आणि बंद कुठली लाइन, चालू कुठली, हे प्रत्येकाला बोट दाखवून सांगा. एका लाइनवरची गाडी चुकवायला माणूस शेजारच्या लाइनवर जाऊन उभा राहतो आणि तिथे दुसरी गाडी येते.

चालू लाइनजवळ काम करावंच लागलं तर हिशेब कागदावर करा. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. हत्यारं ठेवून बाहेर पडायला तुमच्या माणसांना 15 सेकंद लागत असतील आणि गाडी पोचण्याआधी 10 सेकंद सगळे सुरक्षित जागी उभे हवे असतील, तर ती 700 मीटरवर असतानाच दिसली पाहिजे. वेग 130 असेल तर 900 मीटरहून थोडं जास्त. वळण, झाडी, धुकं यामुळे तेवढं दिसत नसेल तर पुढे आणखी एक माणूस उभा करा. तेही जमत नसेल तर काम करू नका. ते 15 सेकंद अंदाजाने धरू नका, हातात यंत्र असताना घड्याळ लावून मोजा.

आता शिट्टी. लुकआउट मॅनला त्याच्या जागेवर उभा करा, सगळी यंत्रं एकदम चालू करा, कानात बोळे घालायचे असतील तर तेही घाला, आणि मग त्याला शिट्टी मारायला सांगा. प्रत्येकाने हात वर केला पाहिजे. एकाचाही हात खाली राहिला तर शिट्टी पुरत नाही; भोंगा आणा, नाहीतर खांद्याला हात लावून सांगणारा माणूस गँगजवळच ठेवा. शांततेत घेतलेली चाचणी ही चाचणीच नाही. मी तशीच घेतली होती. वारा फिरला, यंत्र वाढलं, माणसं पन्नास पावलं पुढे सरकली, की पुन्हा ऐकून बघा. गाडीचा आवाज आपोआप येईल या भरवशावर राहू नका, विजेवरची गाडी वाऱ्याच्या उलट दिशेने आली तर अंगावर येईपर्यंत कळत नाही. आणि लुकआउट मॅनला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. पहार धर, पाणी आण, काहीही नाही.

हेल्मेट, बूट सांगायला नकोत. जॅकेट केशरी घ्या, लाल नको. चालकाला लाल रंग म्हणजे थांबण्याचा इशारा.

रुळांच्या वरची, गाडीला वीज देणारी वायर 25,000 व्होल्टची असते आणि तिला शिवावंही लागत नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. पुरवठा बंद करून अर्थिंग, म्हणजे वायर जमिनीला जोडणं, झाल्याचं लेखी मिळेपर्यंत ती जिवंतच धरा. शिडी, पाइप, लांब सळई आडवी न्या, दोघांनी धरून. मोजायला धातूची टेप वापरू नका. धातूचं काही दोन्ही रुळांना एकदम टेकवू नका, रुळांतून गाडी ओळखणारं विजेचं सर्किट (ट्रॅक सर्किट) जुळून सिग्नल लाल होतो.

सांध्यात, म्हणजे रूळ सरकून गाडीची दिशा बदलते तिथे, पाय घालू नका. तो लांबून हलवला जातो, आधी सांगून नाही. रुळाच्या माथ्यावर पाय ठेवू नका, घसरतो. ओलांडताना सरळ ओलांडा. मोबाइल खिशात.

काम संपल्यावर माणसं मोजा, हत्यारं मोजा, केबल गुंडाळून बाहेर काढा, मगच ब्लॉक परत द्या. दुसऱ्या पाळीच्या हाती काम देत असाल तर त्यांच्यासमोर यंत्र चालू करून शिट्टी पुन्हा एकदा वाजवा आणि त्यांचेही हात मोजा.