शहरातल्या कालव्यातून नॅरोबोट चालवताय? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये सुट्टीसाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद बोट, भाड्याने घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. बोटीचा मालक तास-अर्धा तास सगळं समजावून सांगतो, एक फेरी मारून दाखवतो आणि किल्ली हातात देतो. तो सांगतो ते बरोबरच असतं, पण ते मोकळ्या रानातल्या कालव्याला धरून असतं. बर्मिंगहॅम, मँचेस्टर किंवा लंडनच्या मधोमध बोट नेली की अडचणी वेगळ्या येतात. शहराचा कचरा, शहराची गर्दी, शहराची कुलपं, सगळं तुमच्या वाटेत येतं. भारतातून आई-बाबा आले म्हणून आठवडाभर बोट घ्यायचं ठरवलं असेल, तर या गोष्टी निघण्याआधीच माहीत असायला हव्यात.

आधी बोटीचा अंदाज घ्या. रुंदी जेमतेम ७ फूट, लांबी साधारण ५७ फूट, वजन १५ टनांच्या आसपास. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे झपाझप चालणारा माणूस काठावरून तुमच्या बरोबरीने येतो. ब्रेक नाहीत. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट पाहायची. बोट भिंतीकडे चालली की घरातलं कुणीतरी पटकन पाय किंवा हात मध्ये घालतं. सगळ्यात वाईट दुखापती यातूनच होतात. निघण्याआधी सगळ्यांना बसवून एकच सांगा: बोट आपटली तर आपटू दे, तिचं पोलाद ते सोसतं, तुमचं हाड सोसणार नाही.

पंख्यात काहीतरी अडकलं, तर

शहरातल्या कालव्यातली रोजची तक्रार ही. प्रोपेलरमध्ये, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात, प्लास्टिकच्या पिशव्या, जुने कपडे, दोर, तारा, कधी गादीचं कापडसुद्धा अडकतं. लक्षणं ओळखता आली पाहिजेत. इंजिनाचा आवाज जड होतो, धुराडं काळा धूर टाकतं, मागे नुसता फेस उठतो आणि बोट पुढे सरकत नाही. इथे चूक अशी होते की लोक वेग वाढवतात. वेग वाढवला की पिशवी आणखी घट्ट गुंडाळली जाते आणि इंजिन तापतं.

आधी इंजिन न्यूट्रलला आणा, मग दोन-तीन सेकंद उलटं फिरवा. पानांचा चोथा किंवा सुटी पिशवी बहुतेक वेळा एवढ्याने निघते. नाही निघाली, तर बोट काठाला बांधा आणि वीड हॅच, म्हणजे पंख्यापर्यंत हात घालायची झाकणाची जागा, उघडा.

इंजिन नुसतं न्यूट्रलला ठेवून हॅच उघडू नका. इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि जो हात घालणार आहे त्याच्याच खिशात ती ठेवा. मागच्या डेकची फळी उचलली की इंजिनाच्या मागे एक चौकोनी लोखंडी पेटी दिसते, झाकण वरून आवळलेलं. ते काढलं की खाली थेट कालव्याचं काळं पाणी. हात कोपराच्याही वर आत जातो, तेव्हा कुठे बोटांना पात्यांची कड लागते. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं चाचपून करायचं. पिशवी असेल तर ओढून तुकड्या-तुकड्यांनी येते. कापड शाफ्टवर, म्हणजे पंख्याच्या दांड्यावर, पीळ घेऊन बसलेलं असतं, ते एका बाजूने कापावंच लागतं. प्लास्टिकचा दोर सगळ्यात चिवट. घर्षणाच्या उष्णतेने तो वितळून कडक कडं बनतो, आणि तिथे दातेरी सुरी लागते. पावासाठीची स्वस्त, करवतीसारख्या दातांची सुरी, तार कापायची पक्कड आणि लांब बाह्यांचे रबरी हातमोजे, एवढं सामान बोटीवर ठेवाच. काढलेला कचरा परत पाण्यात टाकू नका, तो मागून येणाऱ्या बोटीच्या पंख्यात जातो.

खरा धोका मात्र काम झाल्यावर असतो. थकलेला माणूस झाकण घाईत ठेवतो, ते नीट बसत नाही. इंजिन सुरू झाल्यावर पंखा त्या फटीतून पाणी आत फेकतो आणि इंजिनाची खोली भरत जाते. बोटी अशा बुडालेल्या आहेत. झाकण बसवलं की स्क्रू पूर्ण आवळा, इंजिन सुरू करा, बोट बांधलेलीच असू द्या, थोडा वेग देऊन कडेने पाणी झिरपतंय का ते टॉर्च लावून बघा, आणि मगच दोर सोडा. त्यानंतर हात साबणाने धुवा. कालव्याच्या पाण्यातून उंदरांच्या लघवीमुळे लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. कापलेल्या-खरचटलेल्या जागी आधीच पट्टी लावा, आणि पुढच्या काही दिवसांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना कालव्याचं आवर्जून सांगा.

याच संदर्भात आपल्या लोकांना मनापासून एक विनंती. हार, नारळ, निर्माल्य कालव्यात सोडू नका. कालवा नदीसारखा वाहत नाही. त्यात टाकलेली वस्तू तिथेच फिरत राहते, कुजते, नाहीतर कुणाच्या तरी पंख्यात जाते.

लॉकमधल्या चुका

लॉक म्हणजे पाण्याची उंची बदलणारी खोली. दोन्ही टोकांना गेट, आणि पाणी आत-बाहेर सोडायला पॅडल नावाच्या झडपा. ही पॅडल विंडलास नावाच्या हँडलने उघडायची.

खाली उतरताना वरच्या गेटजवळ पाण्याखाली एक दगडी ओटा असतो, त्याला सिल म्हणतात. पाणी उतरत जातं तसा तो उघडा पडतो. बोटीचं मागचं टोक त्यावर राहिलं, तर पुढचं टोक खाली जातं, बोट तिरपी लटकते आणि पुढून पाणी शिरतं. लॉकच्या कडेला पांढरी रेघ असते, ती सिल कुठपर्यंत आहे ते दाखवते. सुकाणूवरच्या माणसाने मागचं टोक त्या रेघेच्या पुढे ठेवायचं आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत नजर तिथून हलवायची नाही. अडकलंच तर ओरडा, खालची पॅडल तात्काळ बंद करा, आणि मग वरचं पॅडल हळूहळू उघडून बोट पुन्हा तरंगवा. खाली उतरताना दोर खुंटाला गाठ मारून बांधणं हीसुद्धा तशीच घोडचूक. पाणी जातं आणि बोट दोरावर लटकते. दोर खुंटाभोवती एकदा फिरवून हातात धरा, म्हणजे सैल सोडता येतो.

विंडलास दांड्यावर लावून हात सोडायचा नाही. खिट्टी निसटली तर ते भोवऱ्यासारखं गरगरतं, उडतं आणि समोरच्याचा जबडा फोडू शकतं. साडी, ओढणी, लांब स्कार्फ यांपासूनही जपा. पदर खोचून घ्या. आणि एकापेक्षा जास्त विंडलास जवळ ठेवा, कारण ती पाण्यात पडतातच. दोराला बांधलेलं लोहचुंबक असलं की वर काढता येतात.

शहरातल्या लॉकची आणखी एक गोष्ट म्हणजे कुलूप. बर्मिंगहॅमच्या बऱ्याच लॉकवर उपद्रवी लोकांपासून संरक्षण म्हणून पॅडलना कुलूप असतं आणि ते उघडायला वेगळी छोटी किल्ली लागते. पाण्याच्या नळासाठी आणि शौचालयासाठी लागणारी किल्ली ही नव्हे. दोन्ही किल्ल्या आहेत का, हे बोट ताब्यात घेतानाच मालकाला विचारा, नाहीतर पहिल्याच लॉकवर मुक्काम होईल.

बर्मिंगहॅमच्या मधोमध कालव्याचं पाणी समुद्रसपाटीपासून ४५३ फुटांवर आहे. तिथून उतरण्यासाठी फार्मर्स ब्रिजचे १३ लॉक लागतात, एकामागोमाग एक, काही तर इमारतींच्या आणि रेल्वेच्या पुलांच्या खाली. त्यांच्या मधले पाण्याचे तुकडे छोटे आहेत. एका लॉकमध्ये लाखाहून जास्त लिटर पाणी असतं, त्यामुळे कुणी एक पॅडल उघडं विसरलं की मधला तुकडा रिकामा होतो आणि पुढची बोट चिखलात बसते. प्रत्येक लॉक सोडताना चारही कोपऱ्यांवर नजर टाका. समोरचा तुकडा रिकामा दिसला तर बोट आत घालू नका. आधी एकाने पायी वर जाऊन वरच्या लॉकमधून थोडं पाणी सोडून आणायचं. किती सोडायचं कळत नसेल तर बोट बांधून कालव्याचा कारभार पाहणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टला फोन करा, त्यांची माणसं येतात.

लंडनच्या कॅम्डनला वेगळीच अडचण. तिथे लॉकच्या तुळयांवर पर्यटक बसलेले असतात, हातात खाणं, पाय पाण्याकडे. गेट ढकलायला तीच तुळई लागते. लाजू नका, हसून मोठ्याने सांगा की उठा, गेट उघडायचंय. मदत करायला येणाऱ्यांना तुळई ढकलू द्या, विंडलास मात्र त्यांच्या हातात देऊ नका. रीजंट्स कॅनॉलचे लॉक रुंद आहेत, एका वेळी दोन नॅरोबोटी मावतात. तुमची एकटीच बोट असेल तर वर चढताना ती आडवी फिरते. सुरुवातीला पॅडल अर्धंच उघडा.

सुकाणू, वळणं, बोगदे

टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला बोट वळते, हे पहिल्या तासात अंगवळणी पडतं. दुसरी गोष्ट उशिरा कळते: बोट मधोमध फिरते, त्यामुळे पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं डावीकडे झेपावतं. मागे जाताना तर सुकाणू जवळजवळ चालतच नाही. टिलरच्या फिरण्याच्या वर्तुळात आजी-आजोबांना खुर्ची टाकून बसवू नका. सुकाणूला पाण्याखाली काही लागलं तर तो दांडा जोरात फिरतो आणि माणूस पाण्यात जातो. पुलाखालून जाताना मुलं छपरावर नकोत.

बर्मिंगहॅमच्या गॅस स्ट्रीट बेसिनमधली वूस्टर बारची वाट म्हणजे एका बोटीपुरती फट. दोन कालवा कंपन्यांच्या भांडणात एकीचं पाणी दुसरीकडे जाऊ नये म्हणून इथे भिंत घातली होती, आणि माल माणसांना उचलून पलीकडे न्यावा लागे. १८१५ मध्ये इथे लॉक झालं. दोन्ही बाजूंना पब, लोक बघत असतात, म्हणून सुकाणूवरचा माणूस घाबरून वेग देतो. तसं करू नका. वेग काढून टाका आणि बोट सरळ झाल्यावरच आत शिरा.

लंडनचा इस्लिंग्टन बोगदा ८७८ मीटर लांब, काठावर चालायला वाट नाही. तो सरळ आहे, म्हणून तोंडाशी थांबून आत बघा. समोर दिवा दिसला तर ती बोट बाहेर येईपर्यंत थांबा. आपला दिवा लागतो का ते आधीच तपासा, आणि आतले दिवेही लावून ठेवा, भिंती दिसतात.

बोट गाळात रुतली तर पुढे रेटू नका, जिथून आलात तिकडेच उलटी काढा. सगळ्यांना खोल बाजूला उभं करा, काठीने ढकला.

स्वयंपाकघर आणि बॅटरी

रीजंट्स पार्कजवळच्या मॅकल्सफील्ड पुलाखाली २ ऑक्टोबर १८७४ रोजी ‘टिलबरी’ नावाच्या बोटीवर दारूगोळा आणि पेट्रोलियम एकत्र होतं. स्फोट झाला, बोटीवरची माणसं गेली, पूल कोसळला. बंद बोटीत ज्वालाग्राही वाफ साठली की काय होतं ते तिथे दिसलं. तुमच्या बोटीवर स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर आहे. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो आणि बाहेर जायला वाट नसते. झोपताना आणि बाहेर जाताना सिलिंडरपाशीच बंद करा. थंडी वाजते म्हणून हवेच्या जाळ्यांत टॉवेल कोंबू नका. हवा कोंडली की जळणातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो, तो अलार्मनेच कळतो. फोडणीच्या धुराने अलार्म वाजला तर खिडकी उघडा, अलार्मची बॅटरी काढू नका.

बॅटरीचं म्हणाल तर इलेक्ट्रिक किटली, हेअर ड्रायर, मिक्सर घरून आणू नका. चटणी वाटून आणा, चहा गॅसवर करा. रात्रभर दिवे आणि चार्जर चालू ठेवले की सकाळी फ्रिज बंद पडलेला असतो. बांधलेल्या जागी रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवू नये, म्हणून चार्जिंग दिवसाच्या प्रवासातच व्हायला हवं.

मुक्काम

एक मैल किंवा एक लॉक, दोन्हीला पंधरा-वीस मिनिटं धरा. नकाशावर दोन इंच दिसणारा रस्ता पूर्ण दिवस खातो. लंडनमध्ये जागा दुपारनंतर मिळत नाही. तिथे एका बोटीला दुसरी बाजूने बांधायची पद्धत आहे, पण आधी विचारा आणि त्यांच्या पुढच्या डेकवरूनच ये-जा करा, घराच्या दारातून नव्हे. दोर पायवाटेवर आडवा नको, रात्री सायकली सुसाट येतात. निर्जन पुलाखाली थांबण्यापेक्षा इतर बोटी असतील तिथे थांबा आणि विंडलास, किल्ल्या, फोन छपरावर ठेवू नका. बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग अगदी कमी करा, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात.

उन्हाळ्यात लंडनच्या काही भागांत पाण्यावर हिरवं शेवाळं इतकं दाट पसरतं की लहान मुलांना ती हिरवळ वाटते. मुलांना लाइफ जॅकेट काठावर उतरल्यावरही घालून ठेवा. कुणी पडलंच तर पहिली कृती न्यूट्रल, दुसरी इंजिन बंद, मग दोर किंवा रिंग फेका. त्याच्याकडे बोट उलटी नेऊ नका, पंखा तिकडेच असतो. कालवा बऱ्याच ठिकाणी कमरे-छातीइतकाच खोल असतो, त्यामुळे ‘उभा राहा’ असं ओरडून सांगा. लॉकमध्ये मात्र पाणी खोल असतं, तिथे आधी सगळी पॅडल बंद करा.

९९९ या ब्रिटनच्या आणीबाणीच्या नंबरला फोन लावल्यावर पहिला प्रश्न येतो, कुठे आहात? कालव्याला रस्त्याचं नाव नसतं. पुलांवर नंबर किंवा नावाची पाटी असते, प्रत्येक पुलाखालून जाताना ती मोठ्याने वाचायचं काम मुलांवर सोपवा.