परराज्यातील सरकारी विद्यापीठाचा खर्च पेलायचा की नाही, हे ठरवताना

चंदगडच्या मुलाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते. तरीही त्याने बेळगावात प्रवेश घेतला की कागदोपत्री तो परराज्यातला विद्यार्थी ठरतो, आणि खर्चाचे बरेचसे प्रश्न अंतरातून नव्हे, तर या कागदावरच्या फरकातून उभे राहतात. म्हणून तिथली फी किती, हे विचारण्याआधी महाराष्ट्र सोडल्याने आपल्या हातून काय जाते, हे पाहावे.

पहिल्यांदा विद्यापीठ केंद्रीय आहे की राज्याचे, हे तपासा. दिल्ली किंवा हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठात कोल्हापूरच्या आणि तिथल्या स्थानिक मुलाला फी सारखीच असते. तिथे खरा खर्च राहण्या-जेवण्याचा आणि प्रवासाचा. राज्य विद्यापीठांत मात्र बाहेरच्यांसाठी जागा मोजक्या आणि काही ठिकाणी फीही वेगळी असते. ती माहितीपुस्तिकेतूनच काढावी, कोणाच्या सांगण्यावर राहू नये.

त्यानंतर शिष्यवृत्ती, आणि इथेच बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना महाराष्ट्रातील संस्थांत शिकणाऱ्यांसाठी आहेत. 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी संपूर्ण शिक्षण शुल्काची सवलतही राज्यातल्या संस्थांपुरतीच आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र राज्याबाहेर शिकतानाही मिळू शकते. त्यामुळे बाहेरची 30 हजारांची फी इथल्या 60 हजारांपेक्षा स्वस्त दिसली, तरी इथले 60 हजार सरकार भरणार असेल, तर स्वस्त काय ते उघडच आहे.

माझ्या भाचीने एम.एस्सी.साठी शिवाजी विद्यापीठ की हैदराबाद, हे ठरवताना वहीच्या पानावर दोन रकाने आखले होते. एकीकडे कागल ते कोल्हापूर एसटीचा पास आणि घरचा डबा. दुसरीकडे हॉस्टेल, मेस, दिवाळी आणि उन्हाळ्याची ये-जा, आणि पहिल्याच महिन्यात घ्यावी लागणारी गादी, बादली, पंखा. फरक वर्षाला सुमारे 70 हजारांचा निघाला, म्हणजे दोन वर्षांत 1 लाख 40 हजार. मग तिने विचारले, या पैशांत मला इथे न मिळणारे काय मिळणार? तिला ज्या विषयावर काम करायचे होते, त्याची प्रयोगशाळा आणि त्यात काम करणारे प्राध्यापक तिथे होते, म्हणून ती गेली. तेच उत्तर 'मोठे नाव' एवढेच आले असते, तर मी तिला थांबवले असते. जो विषय त्याच अभ्यासक्रमाने इथल्या महाविद्यालयात शिकता येतो, त्या साध्या पदवीसाठी घराबाहेर लाखभर घालवणे मला पटत नाही.

कर्ज काढणार असाल, तर रकमेपेक्षा हप्ता डोळ्यांसमोर ठेवा. 4 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने 7 वर्षांत फेडायचे, तर हप्ता दरमहा सुमारे 6,640 रुपये बसतो, आणि शिकत असतानाचे व्याज भरले नाही, तर ते मुद्दलात मिळून तो वाढतो. ज्या नोकरीची अपेक्षा आहे, तिच्या सुरुवातीच्या पगारातून भाडे आणि जेवण वजा करून एवढी रक्कम उरते का, हे त्याच विभागातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन करून विचारावे. जाहिरातीतले सर्वांत मोठे पॅकेज एकाचेच असते.

वैद्यकीयची इच्छा असणाऱ्यांनी आणखी आधी सावध व्हावे. सरकारी महाविद्यालयांतील 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात, आणि त्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. सीमेपलीकडच्या कॉलेजात अकरावीला नाव घालण्याचा परिणाम दोन वर्षांनी कळतो.

शेवटी, फी भरण्याआधी प्रवेश रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतात, हे लेखी मागून घ्या आणि ती तारीख इथल्या प्रवेश फेऱ्यांच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवा.