फ्लोट स्विचचे पॉइंट सारखे जळायचे, त्यावर केलेला उपाय

मिरजेत मामांच्या गच्चीवर टाकीला फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा) आहे, तो खाली मोटरच्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचची, २३० व्होल्टची कॉइल चालू-बंद करतो. दर थोड्या महिन्यांनी आतले पॉइंट (टेकणारे-सुटणारे धातूचे तुकडे) काळे पडून स्विच अडकायचा अन मग टाकीचं पाणी रस्त्यावर. इलेक्ट्रिशियन म्हणायचा, माल डुप्लिकेट आहे, नवीन टाका. पण कॉइलचा करंट असतो तरी किती! खरी गंमत बंद करताना होते, कॉइल आपला करंट एकदम सोडत नाही, व्होल्टेज उसळी मारतं आणि सुटणाऱ्या पॉइंटमध्ये ठिणगी पडते, तीच पॉइंटवरची चांदी खाते.

मग ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कॅपॅसिटर (थेट मेनवर लावायचा प्रकार, २७५ व्होल्ट एसीचा, साधा अजिबात नको) आणि १०० ओहम अर्ध्या वॅटचा रेझिस्टर, दोन्ही सिरीजमध्ये जोडून मेन बंद करून थेट कॉइलच्या दोन टोकांवर बसवले, म्हणजे ती उसळी तिथेच जिरते. काही लोक हेच स्विचवर लावतात, चालतं, पण मग स्विच बंद असतानाही साधारण ७ मिलीअँपिअर करंट जातच राहतो आणि एखादा बारका रिले (कॉन्टॅक्टरचाच लहान भाऊ) त्यावरच ओढलेला राहतो, म्हणून मला कॉइलवरच बरं वाटतं.

डीसी रिले असेल तर सोप्पं, कॉइलवर वन एन ४००७ डायोड उलटा लावायचा, पट्टीची बाजू प्लसला. रिले सुटायला किंचित उशीर होतो, टाकीला काय फरक पडतो!

आणि पॉलिश पेपर नका मारू हो पॉइंटवर, असलेला मुलामा पण जातो.