नवं बीट मिळालंय? आधी 'आपल्या माणसा'पासून जपा

भरती, कवायत, कलमं हे सगळं पार करून तुम्ही आलात, त्यावर मी काही सांगत नाही. ज्या पोलिसांना नुकतंच बीट, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला सांभाळायचा एक ठरावीक भाग, मिळालंय आणि 'लोकांत मिसळा, विश्वास कमवा' एवढंच सांगून ज्यांना वस्तीत पाठवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी यंत्रमागाच्या एका गावात बीट सांभाळलं. मिश्र वस्ती, अरुंद बोळ, रात्रंदिवस चालणारे माग.

चार्ज घेताना जुना अंमलदार एक नाव सांगतो. 'हा आपला माणूस. काही लागलं तर याला फोन करा.' माझ्याकडेही असंच एक नाव आलं. शांतता कमिटीवरचा जुना सदस्य, बोलायला गोड. सणाच्या बंदोबस्तात चहापाणी तोच बघणार, मोर्चाची कुणकुण आधी तोच देणार. आपला दिवस समन्स, वॉरंट, पासपोर्टच्या पडताळण्या आणि बंदोबस्तात संपतो. दारोदार फिरायला वेळ उरत नाही. मग पाय आपोआप त्याच्या दुकानाकडे वळतात.

पुढे काय होतं ते सावकाश वाचा, कारण मी यातच अडकले होते.

तुम्ही त्याच्या दुकानात बसून चहा पिता, तेव्हा अख्खी गल्ली बघत असते. पोलीस आपल्या शब्दातले आहेत, हे त्याला कुणाला सांगावंच लागत नाही. मग एखादी बाई नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची म्हणून निघते आणि ठाण्याच्या आधी त्याच्या दुकानात जाते. तो म्हणतो, मी बोलतो मॅडमशी. त्या बोलण्याचे तो पैसे घेतो, तुमच्या नावावर घेतो, आणि तुम्हाला पत्ता नसतो. दुसरीकडे त्याच्या खबरींवर तुम्ही प्रतिबंधक कारवाईचे प्रस्ताव पाठवत राहता. त्याचं ज्यांच्याशी जागेवरून, उधारीवरून वाकडं आहे, नेमकी त्यांचीच नावं त्यात पुन्हा पुन्हा येतात. तुम्हाला वाटतं, खबर पक्की आहे. वस्तीला कळून चुकतं की वर्दी त्याच्या बाजूची आहे. मग कुणीच काही सांगत नाही, आणि तुम्हाला ती शांतता वाटते.

मला हे समजलं ते एका आजींमुळे. कागदपत्रांची पिशवी हरवल्याची साधी नोंद करायला आल्या होत्या. पदराची गाठ सोडून त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, 'त्यांनी सांगितले तेवढेच आणलेत, बाई.' तक्रारीला पैसे लागतात, हे त्यांच्या लेखी कधीचंच ठरून गेलेलं होतं.

खूण एकच सांगते. साध्या कामालाही लोक कुणाला तरी सोबत घेऊन येत असतील आणि तोच बोलत असेल, तर तुमच्या बीटवर हे चालू आहे. त्याच्याशी भांडू नका. कमिटीवर तो राहू दे, बैठकीला येऊ दे. फक्त त्याच्या दुकानातलं बसणं बंद करा आणि तक्रारदाराशी एकट्यानं बोला. पोलिसांच्या नावानं पैसे घेतल्याचं कुणी सांगितलं, तर ते मनात ठेवू नका. स्टेशन डायरीला घ्या आणि वरिष्ठांना लेखी कळवा.

भिवंडीचं उदाहरण प्रत्येक नव्या अंमलदारानं समजून घ्यावं असं माझं मत आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते शहर होरपळलं होतं. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं घेतली, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली, आणि ती दंगल नसतानाही भेटत राहिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पण हेही लक्षात ठेवा. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली आणि जमावानं दोन पोलीस शिपायांना मारलं. आधीच्या लोकांनी कमावलेला विश्वास आपल्याला आयता मिळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, क्रिकेटचे सामने, वर्धापन दिनाला शाळेत शस्त्रांचं प्रदर्शन, हे सगळं करा, मुलांना आवडतं. पण त्यातून विश्वास येतो असं मला वाटत नाही. ग्रुपवर 'जय हिंद सर' लिहिणारे ते दहा-बारा जण म्हणजे वस्ती नव्हे. भिसीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवायला बसणारा परप्रांतीय कामगार त्या ग्रुपवर नसतो, आणि रात्री काय घडलं ते त्यानंच पाहिलेलं असतं. पाळी सुटते त्या वेळी तिथे जा. नळावर, रेशनच्या रांगेत, मशिदीबाहेर, मंडळाच्या मांडवात, काही काम नसताना जा.

शिकायचं असेल तर ठाणे अंमलदाराच्या खुर्चीशेजारी बसून शिका. मोठ्या साहेबांची भाषणं ऐकून बीट कळत नाही. रडत आलेल्या माणसाला पाणी देऊन आधी बसवणारा एखादा जुना हवालदार प्रत्येक ठाण्यात असतो. त्याला धरा.

आता कडक बोलते. गुन्हा नोंदवायला टाळाटाळ करणार असाल, तर वरचं काहीही करू नका, उपयोग नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, 'हद्द आमची नाही' हे कारणही काढून घेतलंय. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत द्यायची असते, ती हातात द्या. अदखलपात्र असेल तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, हे तिथेच समजावून सांगा, नाहीतर माणूस आशेनं फेऱ्या मारतो आणि शेवटी त्या दुकानात जाऊन बसतो. आणि मार खाल्लेल्या बाईला 'समझोता करून घे' म्हणू नका. तंटामुक्तीच्या नावाखालीही नको. गल्लीतल्या इतर बायका ते बघून कायमच्या गप्प होतात.

सुरुवातीला कुणी बोलणार नाही. दारं अर्धीच उघडतील, मुलं घरात पळतील. मन लावून काम करणाऱ्याला ते लागतं, मलाही लागलं होतं. तुमच्यात खोट आहे म्हणून तसं होत नाही, तुमच्या आधीचे अनुभव त्यांच्या लक्षात असतात. सगळी वस्ती एकदम जिंकायची नसते. एका गल्लीत दोन घरं धरा, त्यातलं एक तरी बाईमाणसाच्या हातातलं असू दे.

तपास कुठवर आलाय हे तक्रारदाराला ९० दिवसांत कळवायचं, असं नव्या संहितेत आहे. तुम्ही ९० दिवसांची वाट बघू नका. चोरीचा मोबाइल सापडला नसेल, तर तो सापडला नाही हे सांगायलाही त्या घरी स्वतः जा. माझ्या बीटवर लोकांनी थेट मला फोन लावायला सुरुवात केली, ती अशाच घरांतून.